हवा लागण्याआधी

शरयू कोरेच्या मुलीच्या जन्माची तारीख दोनदा ठरली आणि दोन्ही वेळा शरयूनेच ती पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ठरली तेव्हा मात्र तिचा नवरा आडवा आला.

हे मिरजेत घडलं, २०४१ साली. शरयू एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होती. गाड्या विजेवर चालत होत्या, तिकिटं फोनवर निघत होती. पण जतची गाडी कुठल्या फलाटाला लागलीय हे माणसाच्या आवाजात ऐकल्याशिवाय प्रवासी जागचे हलत नसत. म्हणून तिची खुर्ची आणि माइक अजून शाबूत होते. शंतनू, तिचा नवरा, कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत साचे बनवायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे पहिलंच मूल.

चोविसाव्या आठवड्यात डॉ. आरवाड्यांनी दोघांना समोर बसवलं. तपासणीचा कागद त्यांनी पालथा घालून ठेवला होता.

"तासगावची द्राक्षं पाहिलीत ना? फुप्फुस तसंच असतं. द्राक्षांचा घड. प्रत्येक मण्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. मण्यात हवा येते आणि जाळ्यातलं रक्त तिच्यातला प्राणवायू उचलतं. तुमच्या बाळाचे मणी नीट आहेत. जाळं विणलंच गेलेलं नाही. एका जनुकातली चूक आहे. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

"बाकी?" शंतनूने विचारलं.

"बाकी सगळं उत्तम. हृदय, मेंदू, हातपाय. आत्ता तिला प्राणवायू आईच्या वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून मिळतोय, म्हणून ती मजेत आहे. बाहेर आली, नाळ कापली, की श्वास घेईल. पण घेतलेली हवा रक्तापर्यंत पोचणार नाही."

"मग किती वेळ?" शरयू म्हणाली.

"काही मिनिटं. फार तर तासभर."

त्याच मजल्यावर, जिन्याजवळ, एक छोटी खोली होती. तिथे सिस्टर एस्तेर लोंढे बसायच्या. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई. पोटातल्या आणि नुकत्या जन्मलेल्या ज्या बाळांचं दुखणं बरं होणारं नसतं, त्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं त्या बघायच्या. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

"आमच्या कामाला पॅलिएटिव्ह म्हणतात," त्या म्हणाल्या. "बरं करणं हातात नसलं तरी त्रास होऊ न देणं हातात असतं. दिवस पूर्ण भरू द्या. बाळ बाहेर आलं की तडक तुमच्या छातीवर देऊ. गालाच्या आत औषधाचे थेंब घातले की त्याला गुदमरल्यासारखं वाटत नाही. घरातलं हवं ते माणूस जवळ असेल. तो वेळ तुमचा. त्यात कुणी लुडबुड करणार नाही."

शरयू म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरणाची तयारी करून घेता."

"जगण्याचीच घेते, ताई. जगणं थोडं आहे, एवढंच."

"थोडं!" शरयू उठली आणि दार उघडं टाकून निघून गेली.

घरी येताना शंतनू म्हणाला, "मला वाटतं, सिस्टर म्हणतात ते बरोबर आहे. उगाच तिला कशाला त्रास?" त्यानंतर आठवडाभर शरयू त्याच्याशी बोलली नाही. त्या आठवड्यात तिने पखालीबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं.

पखाल हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री ते 'बाह्य गर्भाशय' होतं, पण पाण्याने भरलेली ती जाड पारदर्शक पिशवी पाहून कुणीतरी पखाल म्हणालं आणि तेच रूढ झालं. आत गर्भजलासारखं कोमट द्रव सतत खेळतं असायचं. बाळाच्या नाळेला दोन नळ्या जोडलेल्या, आणि त्या जात बाहेरच्या यांत्रिक वारेकडे. रक्तात प्राणवायू आणि अन्न घालायचं, मळ काढून घ्यायचा, हे तिचं काम. हृदय बाळाचंच, तेच रक्त ढकलायचं. फार लवकर जन्मलेल्या मुलांसाठी हे यंत्र काढलं होतं. चार-सहा आठवडे त्यांना पाण्यातच ठेवायचं, फुप्फुसं तयार झाली की बाहेर काढायचं. हजारो मुलं त्याने वाचली. पण ज्याची फुप्फुसं कधीच तयार होणार नाहीत असं मूल पखालीत ठेवलं तर त्याला बाहेर कधी काढायचं, हा प्रश्न यंत्र करणाऱ्यांनी स्वतःला विचारला नव्हता.

शंतनूला सोबत नेऊन शरयूने तो डॉक्टरांना विचारला. डॉ. आरवाडे बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"ठेवता येईल. देशात असे अकरा पेशंट आहेत. पण हा उपचार नाही, हे लक्षात घ्या. यातून फक्त वेळ मिळतो."

"तोच हवाय मला. उद्या कुणी फुप्फुसं तयार करेल. बेंगळुरूला प्रयोग चाललेत. मी वाचलंय."

"आणि नाही केली तर?"

"शंतनू, सही कर," शरयू म्हणाली.

शंतनूने डॉक्टरांकडे पाहिलं, मग बायकोच्या पोटाकडे, आणि सही केली.

मे महिन्यात, प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेला, सिझेरियन झालं. बाळाला पाण्याखालून पाण्यातच नेलं, त्याला हवेचा स्पर्शही होऊ दिला नाही. शरयू शुद्धीवर आली तेव्हा पोटाला टाके होते, छातीत दूध दाटून आलं होतं आणि तिची मुलगी तीन दारांपलीकडे पखालीत तरंगत होती. नव्या कायद्यात बाळाला पहिल्यांदा हवा लागते तो क्षण जन्माचा धरला होता. त्यामुळे आगाराच्या आस्थापना शाखेतून फोन आला तेव्हा मोठीच पंचाईत झाली.

"मॅडम, प्रसूती झाली ना?"

"झाली."

"मग जन्माचा दाखला जोडा की."

"जन्म झालेला नाही."

पलीकडच्या माणसाने कागद चाळले. "बरं, मी साहेबांना विचारतो," म्हणाला आणि फोन ठेवला. रजा शेवटी आजारपणात टाकली.

पहिले दोन महिने बरे गेले. पखालीला बाजूने रबरी हातमोजा बसवलेला होता. त्यात हात घालून बाळाला शिवता यायचं. पाण्यात आवाज पोचवायला एक माइक होता. शरयूला गाणं येत नव्हतं. काय बोलावं सुचेना तेव्हा तिने रोजचंच सुरू केलं, "मिरज-जत, फलाट क्रमांक चार. कवठेमहांकाळमार्गे जाणाऱ्या प्रवाशांनी..." आणि बाळ हात हलवायचं थांबून ऐकू लागलं. नर्स हसल्या. त्या दिवशी शरयूही पोट धरून हसली, टाके दुखेपर्यंत.

शंतनू आधी दारातच उभा राहायचा. मग एके संध्याकाळी त्याने मोज्यात हात घातला. मुलीने त्याची करंगळी धरली ती सोडेचना. तो तासभर तसाच वाकून उभा. दुसऱ्या दिवसापासून कामावरून तडक हॉस्पिटलात. तिला तो ठमाबाई म्हणायचा. "काय ठमाबाई, आज कुणाला लाथा घातल्या?" त्याच्या आवाजाला ती हसायची. खरोखर हसायची, गालाला खळी पडायची. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार त्यानेच सुरू केला, यादीत नाव त्यानेच घातलं.

जुलैअखेरीस नाळ थकली. एवढे दिवस चालण्यासाठी ती बनलेलीच नसते. तिच्या रक्तवाहिन्या आकसू लागल्या. डॉ. आरवाड्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "आता थांबायचं असेल तर ही वेळ चांगली आहे. नाहीतर नळ्या मानेतून घालाव्या लागतील." सिस्टर एस्तेरही आल्या होत्या. तिला बाहेर घ्यायला शुक्रवारचा दिवसही ठरला.

गुरुवारी शरयूने फोन करून सांगितलं, "मानेतून घाला."

मानेतल्या नळ्यांत रक्त गोठायचं. ते गोठू नये म्हणून औषध वाढवलं की अंगावर काळेनिळे डाग उठायचे. दर नवव्या दिवशी नळी बदलावी लागे. तेव्हा आईबापांना बाहेर बसवत. मुलगी वाढत होती. सप्टेंबरपर्यंत साडेपाच किलोंची झाली, आणि सगळ्यांत मोठ्या मापाच्या पखालीतही तिचे गुडघे कायम पोटाशी दुमडलेले राहू लागले. कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटांच्या पेरांशी सोलवटलेली.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी शरयू नेहमीप्रमाणे पखालीजवळ बसली होती. मुलीने तोंड मोठं उघडलं, डोळे मिटले, मुठी छातीशी आवळल्या. असं ती पुष्कळदा करायची. शरयूने फोन काढून चित्रण केलं. "झोप आली वाटतं. केवढी जांभई!"

सिस्टर एस्तेर शेजारी तक्ता भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"ताई, तुम्हाला खरंच कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

सिस्टरनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "ती जांभई नाही. रडतेय ती. पाण्यात आवाज होत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही."

शरयूच्या हातातला फोन तसाच चालू होता. पखालीत मुलीची हनुवटी थरथरत होती. तोंड पुन्हा उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शरयूने मोज्यात हात घातला, पाठीवरून फिरवला. तोंड उघडतच राहिलं.

"कधीपासून?"

"अधूनमधून पहिल्यापासूनच. मानेतली नळी आल्यापासून जास्त. आम्ही मॉर्फिन देतो, तक्त्यात सगळं आहे. पण जास्त दिलं की रक्तदाब पडतो आणि यंत्राला रक्त पुरत नाही. पूर्ण झोपवून ठेवता येईल हिला. पण मग जागी कधी करायची?"

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" शरयू ओरडलीच.

"दोनदा सांगायला आले होते," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, सिस्टर, आज नको. तिसऱ्यांदा यायला हवं होतं मी. माझं चुकलं."

शरयूच्या फोनमध्ये त्या 'जांभयां'ची एकवीस चित्रणं होती. काही तिने माहेरी पाठवली होती. त्या रात्री घरी पलंगावर बसून तिने ती एकेक करून पाहिली. शेवटचं संपल्यावर शंतनूला म्हणाली, "आपण तिला बाहेर घेऊ या."

शंतनू शर्टाची बटणं काढत होता. "म्हणजे?"

"सिस्टर पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या तसं. छातीवर."

"वेड लागलंय का तुला?"

"ती रडते, शंतनू. आपण बघत बसतो आणि ती रडते."

"लहान मुलं रडतातच! कुठलं मूल रडत नाही? म्हणून काय..." त्याने शर्ट काढून पलंगावर फेकला. "तूच मला तिथे नेलंस. मी नको म्हणत होतो. सही कर म्हणालीस, केली. आता मला ती ओळखते, माझा आवाज आला की मान वळवते. आणि आता तू म्हणतेस, सोड?"

त्याचा शब्दन् शब्द खरा होता.

"बेंगळुरूचं होईपर्यंत थांबायचं," तो म्हणाला.

"काय म्हणतात ते?"

"काम चालू आहे म्हणतात."

त्याने नजर चुकवली. शरयूला नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. तिने टेबलावरचा त्याचा फोन उचलून त्याच्यापुढे धरला. "पत्र दाखव."

पत्र ऑगस्टमधलं होतं. चार ओळींचं, सभ्य भाषेतलं. माणसांवरचे प्रयोग आणखी किमान चार वर्षं सुरू होणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं.

"तुला ऑगस्टपासून माहीत आहे," शरयू म्हणाली.

"चार तर चार वर्षं."

"दर नवव्या दिवशी नळी. वाढती पोर त्या पिशवीत दुमडून. चार वर्षं?"

शंतनू भिंतीकडे तोंड करून निजला. दोघांच्या सह्या असल्याशिवाय हॉस्पिटल पुढे जाणार नव्हतं. त्याने दोन आठवडे सही केली नाही. त्या दोन आठवड्यांत तो शरयूशी बोलला तो फक्त चहा आणि चपलांपुरता. सासूबाई कुपवाडहून आल्या, दोघांची तोंडं पाहून मुकाट स्वयंपाकाला लागल्या.

शरयूने एकच गोष्ट केली. ती सिस्टर एस्तेरना भेटली आणि म्हणाली, "पुढची नळी बदलाल तेव्हा आम्हाला आत राहू द्या."

"नियमात नाही."

"नसू दे. दर वेळी तीन दारांआड बसले मी. त्याला तरी बसवू नका."

सिस्टरनी डॉक्टरांशी काय बोलणं केलं कोण जाणे. मंगळवारी सकाळी दोघांना गाऊन-टोप्या घालून आत घेतलं. शंतनू "आलो ठमाबाई" म्हणाला तेव्हा मुलीने सवयीने मान वळवली आणि खळी पडली. मग दोन नर्सनी तिचे खांदे आणि डोकं धरलं. डॉक्टरांनी हात पाण्यात घातले. मानेजवळची चिकटपट्टी सुटली, त्यासरशी पाण्यात लाल धूर पसरला. मुलीचं तोंड उघडलं. इतकं मोठं की हिरड्यांच्या मागचा घसा दिसला. पाय फडफडले, पखाल हलली. खोलीत फक्त यंत्राची घरघर होती. अकरा मिनिटं लागली. शंतनू पूर्ण अकरा मिनिटं उभा होता. तिचे डोळे त्याला शोधत होते आणि त्याच्याकडेच लागले होते.

बाहेर आल्यावर त्याने वॉशबेसिनपाशी तोंड धुतलं. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली.

"मी त्या वेळी आत येणार नाही," तो म्हणाला. "मला जमायचं नाही. आग्रह करू नकोस."

"बरं."

शनिवारी सकाळी अकराची वेळ ठरली. सिस्टर एस्तेरनी पडदे ओढून उजेड मंद केला होता, कारण बाळाच्या डोळ्यांनी कधी ऊन पाहिलं नव्हतं. खोली गरम ठेवली होती. शरयू पलंगावर टेकून बसली, ब्लाउजची बटणं काढून. सासूबाई उशाशी. बाहेरच्या बाकावर शंतनू दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"आधी औषध देतेय," सिस्टर म्हणाल्या. "नळीतूनच जाईल. गुंगी येईल, पण जागी राहील. मग बाहेर घेऊ. तुम्ही फक्त धरा."

डॉक्टरांनी पखालीचं तोंड सोडलं. पाणी घळघळ वाहून गेलं. अकरा वाजून चार मिनिटांनी शरयूच्या मुलीला हवा लागली. नळीला चिमटे बसले, तोंडातलं पाणी ओढून घेतलं, आणि ती ओली, जड, गरम पोर शरयूच्या छातीवर आली. मोज्याशिवाय. केवढं वजन होतं तिला! पाण्यात ते कधी कळलंच नव्हतं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मुलीच्या बरगड्या वर उचलल्या गेल्या, आणि ती रडली.

नवजात बाळाचं टँहँ नव्हतं ते. सहा महिन्यांच्या पोराचा गळा होता, कधी न वापरलेला. घोगरा, फाटका, मोठा आवाज. सासूबाईंनी तोंडावर हात घेतला. "अगं बाई, किती ग तुझा आवाज!"

दार धाडकन उघडलं. शंतनू. टोपी नाही, गाऊन नाही, फाउंड्रीच्या काळ्या धुळीचे बूट तसेच पायात. सिस्टर एस्तेरनी त्याला अडवलं नाही. तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला. "ठमाबाई," म्हणाला.

मुलगी आवाजाच्या दिशेने वळली. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. सिस्टरनी गालाच्या आत थेंब घातले. ओठ निळे होऊ लागले होते, पण कपाळावरची आठी सुटली होती. शंतनूने तिला उचलून घेतलं, खांद्यावर टाकलं, सगळे बाप टाकतात तसं. खिडकीपर्यंत चालत गेला, परत आला. पुन्हा गेला. मग तिच्या कानाला तोंड लावून त्याने काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होता. शरयूला ऐकू आलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही.

शेवटी त्याने तिला परत शरयूच्या छातीवर ठेवलं. श्वास लांबत गेले. दोन श्वासांमध्ये शरयूला स्वतःचं काळीज ऐकू येऊ लागलं. अकरा बेचाळीसला सिस्टर एस्तेरनी स्टेथोस्कोप टेकवला, खूप वेळ टेकवून ठेवला आणि काढून घेतला. शरयूच्या केसांवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन्ही दाखले एकाच खिडकीतून, एकाच वेळी मिळाले.

शरयू डिसेंबरात कामावर रुजू झाली. शंतनू महिनाभर आईकडे कुपवाडला राहिला, मग परत आला. का आला हे त्याने सांगितलं नाही. घर चालू आहे. दुसऱ्या मुलाचा विषय दोघंही काढत नाहीत. त्या सहा महिन्यांबद्दल ते एकदाच बोलले आणि त्यात असं काही बोलून गेले की पुन्हा बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं.

नवे शेजारी, लग्नात भेटलेलं एखादं दूरचं नातेवाईक विचारतं, "मूल झालं होतं ना तुम्हाला? किती दिवसांचं होतं?"

"सहा महिन्यांची होती," शंतनू म्हणतो.

"अडतीस मिनिटांची," शरयू म्हणते.

विचारणारा गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहतो. दोघंही आपापल्या उत्तरावर ठाम असतात, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं उत्तर दुरुस्त करत नाही.